न वाजलेली बेल

चुरीबाईंना कोणी कधी आवाज चढवून बोलताना ऐकलं नाही. त्यांना त्याची गरज पडत नसे. तारापूरच्या एमआयडीसीत आमचा रंगांची रसायनं बनवणारा कारखाना होता. तिथे त्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली. त्यांच्या टेबलापुढून उठून जाणाऱ्या माणसाकडे पाहवत नसे. चारचौघांत उघडं केल्यासारखा तो अंग चोरत बाहेर पडायचा.

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला उभं ठेवून विचारलं, "तुला काय काय येत नाही ते सांग."

मी गोंधळले. मुलाखतीत सगळे उलटं विचारत होते.

"येतं ते मला दिसेलच," त्या म्हणाल्या. "कुठून येतेस?"

"वाणगावहून."

"बरं. वाणगाव, ती खिडकीजवळची खुर्ची घे."

त्या दिवसापासून मी वाणगाव झाले. विभागातले बाकीचे दोघेही आपापल्या गावांवरून उमरोळी आणि सरावली होते. लग्न झालं, आडनाव बदललं, तरी मी वाणगावच राहिले. एकदा सरावलीने धीर करून विचारलं, "मॅडम, आमची नावं का नाही घेत?" तर म्हणाल्या, "लक्षात ठेवण्यासारखं अजून काही केलंत का तुम्ही?"

बारीक अंगाच्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, कडक इस्त्रीचे सुती कपडे घालणाऱ्या बाई. सर्व्हरच्या खोलीतल्या गारठ्यात आम्ही स्वेटर घालून कुडकुडायचो, त्या तिथेच जेवायला बसायच्या. डब्यात रोज मासळी. बांगडा अशा निगुतीने खायच्या की शेवटी झाकणावर अख्खा काटा उरायचा, एक काडी मोडलेली नसायची. हिशोब खात्यातल्या शाकाहारी मंडळींनी वासाची तक्रार केली तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, "त्यांच्या कामाला जो वास येतो, त्याबद्दल मी कधी बोलले का?"

तक्रारीचा फोन आला की त्या तो स्पीकरवर टाकायच्या. सगळ्या खोलीला ऐकू जायचं. माणूस जे म्हणेल ते त्या शांतपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, "असं?" मग फोन ठेवला की त्याच माणसाचं बोलणं त्याच्याच सुरात म्हणून दाखवायच्या. कान विलक्षण तयार. उत्तरेकडच्या कामगाराची हिंदी, किनाऱ्यावरच्या माणसाचं 'हाय' आणि 'नाय', डोंगराकडच्या माणसाचा अडखळता शब्द, सगळं हुबेहूब. खोली हसायची. त्या स्वतः हसत नसत.

हिशोब खात्यात सामंतकाका होते, निवृत्तीला आलेले. एकदा त्यांच्या हातून वर्षभराच्या बिलांचा फोल्डर उडाला. धावत आले, घामाने सदरा भिजलेला. चुरीबाई म्हणाल्या, "बघू." वास्तविक त्या फोल्डरची सकाळचीच प्रत आमच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी काका तीनदा दारात येऊन उभे राहून गेले. जेवले नाहीत असं कळलं. मी म्हटलं, "मॅडम, कॉपी आहे ना आपल्याकडे?"

"आहे."

"मग देऊया ना."

"आज दिली तर पुढच्या महिन्यात परत उडवतील. जरा मुरू दे भीती."

आणखी एक दिवस जाऊ दिला आणि मग दिली. काकांनी हात जोडले, डोळ्यांत पाणी. बाई म्हणाल्या, "हात जोडू नका. माऊस धरायला शिका." काकांच्या हातून पुन्हा कधीही काही उडालं नाही. हेच तर वाईट होतं. त्यांच्या दुष्टपणाला गुण यायचा, म्हणून कंपनीतल्या वरच्या लोकांना त्या फार हुशार वाटायच्या.

एकदा दुपारी फोन मी उचलला. पलीकडून म्हातारा आवाज आला, "सुली हाय का गं तिथं?"

"कोण सुली?"

"माजी पोर. तुमची मोठी बाय नाय का ती."

मी रिसीव्हर पुढे केला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला नाही. "आई, मी कामात आहे. संध्याकाळी बोलू," असं पुस्तकातल्यासारखं बोलून ठेवून दिला. मग माझ्याकडे पाहिलं. "काय ऐकलंस?"

"काही नाही, मॅडम."

"शाबास."

आमच्या कंपनीचा मेलचा सर्व्हर कंपनीतच होता. मालकांना आपली पत्रं बाहेर कुठे ठेवायची नव्हती. तो सर्व्हर बंद पडला की सगळं ठप्प व्हायचं, म्हणून बाईंनी शेजारी दुसरा आणून जोडला. दोघांनी मिळून एकाच्या नावाने काम करायचं. एक थकला, की दुसऱ्याने आपोआप भार उचलायचा. कुणाला पत्ताही लागू नये, अशी ती जोडणी. बाईंना त्या जोडीचा अभिमान होता. त्या जोरावर त्यांनी प्लँटमध्ये एक नियम आणवला. त्याआधी कुठलीही पाइपलाइन दुरुस्तीला उघडायची तर कंट्रोल रूमला फोन करायचे आणि पंपाच्या बटणाला लाल पाटी अडकवायचे. त्यात नेहमी भांडणं व्हायची. एक म्हणायचा सांगितलं, दुसरा म्हणायचा सांगितलंच नाही. बाई मीटिंगमध्ये म्हणाल्या, "माणसं खोटं बोलतात. सर्व्हर बोलत नाही." तेव्हापासून फोन आणि पाटी बंद, दुरुस्तीवाल्यांनी मेल करायची आणि कामाला लागायचं, असं ठरलं. मेल गेली म्हणजे निरोप मिळाला.

कंट्रोल रूममधला माणूस काही मेल उघडून बसलेला नसतो. त्याच्यासमोर प्लँटचे आकडे असतात. मेल आली की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवतो, बेल वाजते, मग तो बघतो. सगळी मदार त्या बेलवर.

दुसरा सर्व्हर आल्यावर थोड्याच आठवड्यांत जगदीश तामोरेचा फोन आला. दांडी गावचा, कोळी घरातला, कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होता. फोन अर्थात स्पीकरवर.

"मॅडम, मेल येते पन बेल नाय वाजत."

"असं? थांबा." बाईंनी त्याला इथून मेल पाठवली. "वाजली?"

"हां, आता वाजली."

"मग?"

"कदी कदी नाय वाजत, मॅडम."

"कधी कधी म्हणजे कधी?"

"ते... तसं नाय सांगता येत."

"सांगता येत नसेल तर फोन करू नये, तामोरे." फोन ठेवून त्यांनी आमच्याकडे वळून म्हटलं, "कदी कदी नाय वाजत. कदी कदी वाजते. देवीचा कौल हाय." उमरोळी हसून हसून खोकायला लागला.

प्लँटच्या बाजूच्या खरेदी खात्यातूनही अशी एक तक्रार आली, तिकडच्याच मालाच्या गेटवरून आली. प्रत्येक वेळी बाई मेल पाठवून बघायच्या, प्रत्येक वेळी बेल वाजायची. तक्रार बंद.

मग ती दुपार आली. दुरुस्ती विभागाने कॉस्टिकची, म्हणजे कातडी जाळणाऱ्या क्षाराची, लाइन उघडायला घेतली. तशी मेल केली. देवू वरठा नावाचा कंत्राटी कामगार होता, डोंगराकडच्या पाड्यावरचा, बायकोला घेऊन सरावलीत खोली करून राहिलेला. तो वाकून नट सोडवत होता. तामोरेने नेहमीप्रमाणे पंप सुरू केला. गरम कॉस्टिक देवूच्या तोंडावर उडालं. त्याचं ओरडणं आमच्या इमारतीपर्यंत आलं. आम्हाला आधी वाटलं, मशीनचाच काही आवाज आहे. त्याचा एक डोळा गेला. दुसऱ्याला फक्त उजेड कळायचा राहिला.

चौकशी समिती बसली. मी बाईंची फाइल सांभाळायला मागे बसले होते. बाईंनी सर्व्हरवरची नोंद पडद्यावर दाखवली. मेल पंप सुरू व्हायच्या बऱ्याच आधी तामोरेच्या मेलच्या पेटीत जाऊन पडली होती. यात काही खोटं नव्हतं.

तामोरे उभा राहिला. "मेल आली असंल, साहेब. पन बेल नाय वाजली. चौकोनपन नाय आला. मी पडद्याकडंच बगत व्हतो."

"पडद्याकडे बघत होता," बाई म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"डोळे उघडे ठेवून?"

कुणीतरी हसलं. तामोरेने समितीकडे पाहिलं. "मी मॅडमना आदी फोन केलेला. बेल वाजत नाय म्हून."

"केला होता," बाई म्हणाल्या. "मी तेव्हाच मेल पाठवून पाहिली. बेल वाजली, हे त्यांनी स्वतः कबूल केलं. दुपारची वेळ, जेवण झालेलं, खोलीत एसी." मग त्यांनी त्याचाच सूर लावला, "बेल नाय वाजली. मंग आमी नाय उठलो."

या वेळी सगळेच हसले. साहेब लोकसुद्धा. देवू वरठा त्या वेळी इस्पितळात तोंडाला पट्ट्या बांधून पडला होता, आणि ही माणसं हसत होती. तामोरेही कसंनुसं हसला. काय करावं ते न सुचून हसला असावा. पण समितीतल्या एकाने ते हसणंही टिपून घेतलं. तामोरेला कामावरून काढलं.

पावसाळा संपल्यावर ऑफिसच्या इमारतीची रंगरंगोटी निघाली. आमचा विभाग तात्पुरता प्लँटच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हलवला, सर्व्हर मात्र जुन्या जागीच राहिले. एका सकाळी मुंबईच्या ऑफिसातून बाईंना फोन आला, "मॅडम, मेलचं उत्तर नाही दिलंत?"

"मेल आलेली नाही."

"कधीची पाठवली आहे."

बाईंनी पेटी उघडली. मेल तिथे होती. बाई सकाळपासून त्याच पडद्यासमोर बसलेल्या होत्या.

फोन ठेवला आणि कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, "असं?"

त्यांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मला समोर बसवलं आणि कामाला लागल्या. मी मेल पाठवायची, त्यांनी ऐकायचं. बेल वाजली. मग त्यांनी हाताने सगळा भार दुसऱ्या सर्व्हरवर टाकला. "पाठव." बेल नाही. चौकोन नाही. पेटी उघडली की मेल हजर. परत पहिल्यावर. बेल वाजली. परत दुसऱ्यावर. नाही. मग मला रंगाच्या वासात जुन्या इमारतीत पाठवलं. तिथे दोन्हीकडून बेल वाजत होती. फक्त प्लँटच्या इमारतीत, फक्त दुसरा सर्व्हर कामावर असताना, वाजत नव्हती.

मी परत आले तेव्हा त्यांना कळलेलं होतं. "दोन्ही सर्व्हर बाहेर एकाच पत्त्याने ओळखले जातात," त्या म्हणाल्या. "मेल त्या पत्त्यावरून जाते. पण 'मेल आली' ही हाक दुसरा सर्व्हर स्वतःच्या पत्त्यावरून मारतो. ऑफिस आणि प्लँटच्या मध्ये सुरक्षेची भिंत, फायरवॉल, मीच घातली. तिला तो पत्ता माहीत नाही. अनोळखी म्हणून ती हाक तिथेच फेकून देते. त्यामुळे मेल पोचते, हाक पोचत नाही."

"आणि आपण तपासायचो तेव्हा?"

"पहिला कामावर असायचा. भार कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. कधी कधी." हा शब्द त्यांनी अगदी साधा उच्चारला.

भिंतीला तो पत्ता शिकवायला काही मिनिटं लागली. बेल वाजायला लागली. मी म्हटलं, "मॅडम, तामोरे खरं बोलत होता."

"मला सांगतेस?" त्या म्हणाल्या. "मी काय इतका वेळ भजन करत होते?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रिक्षा बोलावली आणि मला म्हणाल्या, "वाणगाव, चल." रिक्षा दांडीला तामोरेच्या घराशी थांबवली.

तामोरे घरासमोर जाळं शिवत बसला होता. भावाच्या बोटीवर जायला लागला होता. मागे वळणींवर बोंबील वाळत होते. त्याच्या आईने आम्हाला पाहिलं आणि बसा म्हटलं नाही. बाई उन्हात उभ्याच राहिल्या.

"तामोरे, त्या दिवशी बेल वाजलीच नव्हती. दोष सर्व्हरच्या जोडणीत होता. म्हणजे माझा. मी तपासायला हवं होतं, तपासलं नाही. मी हे लिहून देणार आहे."

त्याने सुई थांबवली नाही. "जाऊ द्या, मॅडम."

"जाऊ द्या काय? तुम्ही खरं बोलत होता."

"नाय, मॅडम. माजा डोळा लागला असंल."

"नव्हता लागला."

"तुमी थोड्याच व्हत्या तिथं? समदे बोलले, झोपला, झोपला. पयले मला राग यायचा. मंग मी रोज आठवून बगायला लागलो. आता मला दिसतं. मान खाली गेलीय, तोंड उगडं पडलंय. दिसतं मला." तो हे फार शांतपणे सांगत होता. "देवूच्या खोलीवर जाऊन मी पाय धरले त्याचे. सांगितलं, बाबा, मी झोपलो व्हतो. त्याची बायको थुंकली माज्यावर. आता परत जाऊन काय सांगू तिला? बेल?"

बाई खाली बसल्या, त्याच्यासमोर, वाळूत, त्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी. आणि मी त्यांना पहिल्यांदा त्या आवाजात बोलताना ऐकलं. "नाय रं बाबा. तू जागा व्हतास. बेलच नाय वाजली, तू काय करशील? माजी चूक हाय ती. आयक माजं."

तामोरेने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, पोचलं.

"मॅडम," तो म्हणाला, "हितं घरी येऊन तरी नका करू."

"काय?"

"नक्कल."

त्याची आई पुढे आली. "जावा, बाय, आता. पोराला गिळाय नाय जात दोन दिवस, तुमचं नाव निगालं का."

आम्ही निघालो. रिक्षात बाई बाहेर बघत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "आमच्या घरी असंच बोलतात." माझ्याशी बोलत होत्या असं नाही.

त्यांनी अहवाल लिहिला. त्यात स्वतःला कुठे सोडलं नव्हतं. साहेबांनी बोलावून घेतलं, चांगलं काम केलंत म्हणाले, दोष सापडला, दुरुस्त झाला, आता चौकशी संपलेल्या प्रकरणात कशाला हात घालायचा? बाईंनी अहवाल समितीतल्या प्रत्येकाला मेल केला आणि सरकारी कारखाना निरीक्षकांनाही. तामोरेला निरीक्षकांनी बोलावलं तेव्हा तो म्हणाला, मला झोप लागली होती. विषय मिटला.

बाईंना काढलं नाही. वजनकाट्याजवळच्या खोलीत एक टेबल दिलं. कॉम्प्युटर नाही, काम नाही. उमरोळी विभागाचा प्रमुख झाला. तो त्यांचा "असं?" फार छान काढायचा, आणि आता खोली त्यावर हसायची. एकदा तो काढत असताना बाई कुठल्याशा कागदावर सही घ्यायला दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. "शेवटी आवाज वर नेतोस," त्या म्हणाल्या. "खाली यायला हवा. माणूस तिथे मरतो." सही घेतली आणि गेल्या. थोड्या दिवसांनी नोकरीतूनही गेल्या.

मीही पुढे पालघरला दुसरीकडे लागले. त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या, बोईसरच्या नाक्यावर, भर सकाळी. कंपन्यांच्या बसगाड्या, रिक्षा, टेम्पो, सगळं एकमेकांत अडकलेलं. त्यांच्या एका हातात इस्पितळाची पिशवी होती. दुसऱ्या हाताने त्यांनी देवू वरठाचं मनगट धरलं होतं. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. मागे त्याची बायको, कडेवर मूल.

देवूचा पाय गटाराच्या कडेवर पडला. "डावीकडे म्हटलं ना!" बाई म्हणाल्या, त्याच थंड आवाजात, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "डावं उजवं कळत नाही? रोज तेच सांगायचं का तुला?"

देवू ओशाळून थांबला. त्याच्या बायकोने मान खाली घातली. एका रिक्षावाल्याला राहवलं नाही. त्याने बाहेर डोकं काढून म्हटलं, "मॅडम, अंधा आदमी है. ज़रा प्यार से बोलो."

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"अंधा है," त्या म्हणाल्या. "बहरा नहीं है."

मग त्यांनी येणाऱ्या टेम्पोपुढे सरळ हात आडवा केला. टेम्पो करकचून थांबला, ड्रायव्हरने शिवी दिली, आणि मनगट न सोडता त्या देवूला ओढत पलीकडे घेऊन गेल्या.